हजारात किती? : खंडेराव मार्केट ते गडचिरोली



राजमहाल रस्त्यावरचे खंडेराव मार्केट माहीत नाही असा बडोदेकर विरळाच. बाहेरगावचे पाहुणे दर्शनी बाजू पाहून हा एखादा राजवाडाच असे समजतात, आणि मागच्या अंगाला भाजीच्या जुड्या व फुलांचे ढीग दिसले की चकित होतात. महाराज सयाजीराव (तिसरे) यांनी १९०६ मध्ये ही इमारत उभी केली व तिला खंडेराव महाराजांचे नाव दिले. याच खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनी १८७५ मध्ये सयाजीरावांना दत्तक घेतले होते. १९०६ हे साल आपण शाळेत आणखी एका कारणासाठी पाठ केलेले आहे. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण त्याच वर्षी सबंध बडोदा राज्यात लागू झाले.

आज या इमारतीत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. म्हणजे एकाच ठिकाणी एकीकडे शहराची भाजी आणि दुसरीकडे शहराचे दप्तर! पाणी, गटारे, डास, दवाखाने, पूर या सगळ्याचा कारभार या दप्तरातून चालतो. जन्म आणि मृत्यू यांची नोंदही त्यातच. या वेळच्या अभ्यास-पानासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो या नोंदीपासूनच सुरू होतो. खेड्यापाड्यातल्या, विशेषतः आदिवासी भागातल्या लोकांचे आरोग्य कसे मोजतात, ते कोण मोजते, आणि मोजून पुढे काय होते, हे आपण पाहणार आहोत. विषय आकड्यांचा असला तरी कोरडा नाही. वरच्या इयत्तांतील मुलांनी पेन्सिल घेऊन वाचावे.

कागदावर नसलेले मूल

आपल्या देशात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. जन्म झाला किंवा मृत्यू झाला की २१ दिवसांच्या आत नोंद करावी लागते. शाळेत नाव घालताना आई-बाबांनी जो दाखला दिला होता तो याच नोंदीचा. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरनंतर जन्मलेल्यांसाठी तर हा दाखला अनेक कामांना लागणारा मुख्य पुरावा झाला आहे. शहरात बाळ रुग्णालयात जन्मते, रुग्णालयच कळवते, आणि बहुतेकांचे काम आपोआप होते.

आता दुसरे चित्र पाहा. जंगलातला पाडा आहे. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की रस्ता बंद. झोपडीत बाळ जन्मले आणि तिसऱ्या दिवशी गेले. नाव ठेवलेले नाही. ज्या कचेरीत नोंद करायची ती दिवसभराच्या वाटेवर. अशा वेळी जन्माची नोंद होत नाही आणि मृत्यूचीही होत नाही. आईने नऊ महिने पोटात वाढवलेले मूल कागदापुरते कधी आलेच नाही. असे दहा पाड्यांत झाले तर वर्षअखेरच्या तक्त्यात त्या भागात बालमृत्यू जवळजवळ नाहीतच असे दिसते. मग तिथे औषध कशाला आणि परिचारिका कशाला?

आपल्याकडे पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा करतात, आपले गुजराती शेजारी छठी करतात, आणि बाराव्या दिवशी बारसे होते. जन्मल्यापासून २८ दिवसांत जी बाळे दगावतात त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात, असे आजचे आरोग्यशास्त्र सांगते. आम्हाला वाटते, नाव ठेवण्यासाठी बारा दिवस थांबणाऱ्या पूर्वजांना हे तक्ते न मांडताही ठाऊक असावे.

थोडे गणित

बालमृत्यू 'हजारी' सांगतात. जिवंत जन्मलेल्या एक हजार बाळांपैकी पहिल्या वाढदिवसाआधी किती गेली, तो अर्भक-मृत्युदर. पहिल्या २८ दिवसांत किती गेली, तो नवजात-मृत्युदर.

समजा एका गावाची वस्ती एक हजार आहे आणि तिथे वर्षाला २५ बाळे जन्मतात. त्यांतले एक गेले तर दर हजारी ४० झाला. पुढच्या वर्षी एकही गेले नाही, दर शून्य. तिसऱ्या वर्षी दोन गेली, दर ८०. गाव तेच, दाई तीच, विहीर तीच, दर मात्र उड्या मारतो. म्हणून एका गावावरून काही ठरवता येत नाही. पुष्कळ गावे घ्यावी लागतात आणि काही वर्षे मोजत राहावे लागते. शिवाय तुम्ही काही उपाय केला आणि दर खाली आला, तर तो उपायामुळे आला की त्या वर्षी पीकपाणी बरे होते म्हणून आला? हे कळण्यासाठी तशीच दुसरी गावे शेजारी ठेवून त्यांचाही दर मोजावा लागतो. वर्गातल्या प्रयोगात आपण एका कुंडीला खत घालतो आणि दुसरीला घालत नाही, तसेच.

माणसांच्या बाबतीत मात्र 'दुसरी कुंडी' म्हटले की मनात कालवाकालव होते. त्याकडे पुढे येऊच.

गडचिरोलीतली मोजणी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, जंगलाने वेढलेला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. गोंड, माडिया अशा आदिवासी जमातींची तिथे मोठी वस्ती आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये तिथे काम करू लागले. त्यांच्या संस्थेचे नाव 'सर्च'. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकामुळे डॉ. अभय बंग मराठी घराघरांत माहीत आहेत. पण ज्या कामामुळे जगभरच्या बालवैद्यांना गडचिरोली हे नाव माहीत झाले ते काम वेगळे आहे.

त्यांनी आधी मोजायला सुरुवात केली. १९८८ साली त्यांच्या कामाच्या गावांत अर्भक-मृत्युदर हजारी १२१ निघाला. म्हणजे दर आठ बाळांमागे जवळजवळ एक. सर्वांत मोठे कारण न्यूमोनिया. न्यूमोनिया ओळखायचा कसा? डॉक्टर नळी लावून छाती ऐकतात. पण डॉक्टर गावात नाही. बाळाच्या श्वासाचा वेग वाढतो ही खूण मात्र कुणालाही दिसते. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाले, त्याहून मोठ्या बाळाचे ५० किंवा अधिक झाले, की धोका समजावा. अडचण अशी की गावच्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. दहापर्यंत येत होते.

यावर जी युक्ती निघाली ती आम्हाला सगळ्या कामात अतिशय आवडली. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ लहान बाळासाठी, दुसरी मोठ्यासाठी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून दहा. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचे. लिहिणे नाही, वाचणे नाही, साठपर्यंत मोजणे नाही. ज्या बाईला 'अडाणी' म्हणून बाजूला ठेवले असते तिच्या हातात निदान आले. या कामाचा अहवाल १९९० मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. न्यूमोनियाने जाणारी मुले कमी झाली होती आणि एकूण बालमृत्यूही उतरले होते.

पण दर ८० च्या आसपास येऊन अडला. जी बाळे अजून जात होती त्यांत मोठा वाटा पहिल्या महिन्यातल्या बाळांचा होता. कुणी दिवस भरण्याआधी जन्मलेले, कुणी जन्मताच न रडलेले, कुणाच्या अंगात जंतुसंसर्ग भिनलेला. त्या काळी अशा बाळाला मोठ्या रुग्णालयातच वाचवता येते असे वैद्यकशास्त्राचे मत होते. आणि पाड्यातली बाळंतीण तर घराबाहेर पडत नाही.

मग रुग्णालयच घरी न्यायचे असे ठरले. गावातलीच थोडीफार शिकलेली बाई निवडून तिला शिकवायचे. तिला 'आरोग्यदूत' असे नाव दिले. बाळाला तोलायचे, ताप पाहायचा, उबदार गुंडाळायचे, आईला पाजायला मदत करायची, जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी आणि मुखवट्याने हवा द्यायची, आणि संसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे. शेवटच्या गोष्टीवर पुष्कळ आक्षेप आले. डॉक्टर नसलेल्या बाईने कोवळ्या बाळाला सुई टोचायची? आक्षेप खोटा नव्हता. पण दुसरा पर्याय काय होता, हेही विचारायला हवे. टोचणारी आरोग्यदूत की ४० किलोमीटरवरचा न येणारा डॉक्टर?

प्रयोगासाठी ३९ गावे घेतली. तुलनेसाठी ४७ गावे, तिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू राहिल्या. दोन्हीकडे जन्म-मृत्यूची नोंद गावातल्या कार्यकर्त्यांनी ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन ती पुन्हा तपासायची. कारण नोंदीतच गळती असेल तर सगळा हिशेब वाया.

आता पेन्सिल घ्या. ३९ गावांची वस्ती सुमारे ३९ हजार. हजार वस्तीमागे वर्षाला २५ जन्म धरले तर वर्षाला किती बाळे? जवळजवळ एक हजार. १९९३ ते ९५ या काळात तिथला नवजात-मृत्युदर हजारी ६२ होता. १९९७-९८ मध्ये तो २५ वर आला. आमच्या ढोबळ हिशेबाने वर्षाला ३७ बाळे, म्हणजे आपला एक वर्ग, जो आधी स्मशानात जात होता तो आता अंगणात खेळू लागला. तुलनेच्या गावांत दर ६० च्या आसपासच राहिला. म्हणजे हे पीकपाण्याने झालेले नव्हते.

हा अहवाल डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. पुढे भारत सरकारने ही पद्धत स्वीकारली आणि २०११ पासून देशभरच्या 'आशा' कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या. आपल्याकडे खेड्यात ज्यांना 'आशाबेन' म्हणतात त्याच. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. घरीच बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. शासनाच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये देशाचा नवजात-मृत्युदर हजारी २० होता. श्रेय एकट्या गडचिरोलीचे नाही, रुग्णालयातील बाळंतपणे वाढली, लसी आल्या, रस्ते झाले. पण त्या वाटेवरचा एक मोठा दगड तिथे बसवला गेला.

आता त्या दुसऱ्या कुंडीकडे. ४७ गावांतल्या आया काय म्हणाल्या असतील? आमच्या शिक्षक-मंडळात यावर बराच वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे की उपाय चालतो हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हते, तुलना केली नसती तर जगाने तो मानला नसता आणि देशभरची बाळे वंचित राहिली असती. दुसरी बाजू म्हणते की पहिल्या वर्षानंतरच फरक दिसू लागला असेल तर थांबायचे कधी? दोन्ही बाजूंना तथ्य आहे. आमचा कल पहिल्या बाजूकडे आहे, पण नववी-दहावीच्या वर्गांनी हा प्रश्न अवश्य चर्चेला घ्यावा.

एक गोष्ट घाईने सांगून पुढे जातो. २००१ मध्ये महाराष्ट्रातील १३ संस्थांनी मिळून आपापल्या भागातील बालमृत्यू मोजले व 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी दप्तरात होते त्यापेक्षा प्रत्यक्षातले बालमृत्यू कितीतरी पटींनी अधिक निघाले. विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. मोजले नसते तर उडाली नसती.

लोकांना विचारले तेव्हा

या कामातला दुसरा धडा आकड्यांचा नाही. सुरुवातीला या डॉक्टरांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला होता. आजार खरा होता, शोधही पक्का होता. पण गावकऱ्यांना विचारले तर त्यांच्या तोंडी दुसरीच दुखणी होती. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला जे महत्त्वाचे वाटते ते गावाला वाटतेच असे नाही.

राणीताईंनी बायकांचे ऐकले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली, आणि शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांतल्या फारच थोड्या जणींना याआधी कुणी तपासले होते. १९८९ साली हे छापून येईपर्यंत खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे तिचे बाळंतपण, एवढेच बहुतेक जग समजत होते.

रुग्णालय बांधायची वेळ आली तेव्हाही लोकांना विचारले. मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती. पांढरे कपडे नकोत, ते मेलेल्याला घालतात. नातेवाइकांना बाहेर काढू नका. आणि रुग्णालयाला देवीचे नाव हवे. म्हणून आदिवासी गावासारख्या मांडणीत, झोपड्यांसारख्या खोल्यांत, सोबत राहणाऱ्या नातलगांना जागा ठेवून 'माँ दंतेश्वरी' दवाखाना उभा राहिला.

हे वाचताना न्यूझीलंडच्या माओरी लोकांची आठवण येते. तिथले माओरी डॉक्टर मेसन ड्युरी यांनी १९८४ च्या सुमारास आरोग्याची तुलना चार भिंतींच्या घराशी केली. एक भिंत शरीराची, एक मनाची, एक कुटुंबाची आणि एक श्रद्धेची. एक जरी खचली तरी घर वाकते. गडचिरोलीच्या माडिया म्हाताऱ्यांनी ड्युरींचे नाव ऐकले नसणार, पण त्यांनी मागितलेल्या गोष्टी याच होत्या.

आपल्या शेजारचे

गडचिरोली दूर वाटत असेल तर जवळ येऊ. पावागडच्या पलीकडचा छोटाउदेपूर हा भाग २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. राठवा समाजाची वस्ती, भिंतींवर पिठोऱ्याचे घोडे. तिथल्या तेजगड गावात आदिवासी अकादमी आहे. ती उभारणारे डॉ. गणेश देवी मूळचे भोरचे मराठी गृहस्थ आणि आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. १९९६ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली व 'भाषा' ही संस्था काढली. आदिवासी बोलींतून 'ढोल' नावाचे नियतकालिक निघू लागले. भाषेचा आरोग्याशी काय संबंध, असे वाटेल. पण पोटात 'चावते' की 'दुखते' की 'ओढते', हे ज्या बोलीत आजारी माणूस सांगतो ती डॉक्टरला कळली नाही तर अर्धे निदान तिथेच चुकते.

भरूच जिल्ह्यात झगडियाला डॉ. अनिल देसाई व डॉ. लता देसाई यांनी १९८० मध्ये 'सेवा रूरल' सुरू केले. बडोद्याहून दोन-अडीच तासांची वाट. तिथेही कामाचा कणा गावातल्या बायकाच आहेत.

वर ज्याचे नाव आले तो सिकलसेल आपल्या दक्षिण आणि पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आहे, म्हणून त्याची थोडी माहिती करून घेऊ. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल चकतीसारख्या असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांध्यांत असह्य कळा येतात. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला. हा संसर्गाने होत नाही, आई-वडिलांकडून येतो. दोघांकडूनही दोष आला तर आजार, एकाकडूनच आला तर मूल 'वाहक', म्हणजे त्याला बहुधा काहीच त्रास नाही. वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. मलेरियाच्या जंगलात हा दोष का टिकून राहिला ते यावरून कळते.

वर्गात दोन नाणी घेऊन खेळून पाहा. एक नाणे आईचे, एक वडिलांचे, दोघेही वाहक. छाप म्हणजे निर्दोष, काटा म्हणजे दोष. दोन्ही नाणी शंभर वेळा उडवा. दोन्ही काटे सुमारे पंचवीस वेळा येतील, एक छाप एक काटा सुमारे पन्नास वेळा. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नसते. प्रत्येक वेळी नाणी नव्याने उडतात.

गुजरात सरकारने २००६ मध्ये दक्षिणेकडच्या आदिवासी जिल्ह्यांत तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे आणि चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले आहे. तपासणीनंतर कार्ड मिळते, आणि लग्नाआधी दोघांची कार्डे जुळवून पाहावीत असे सांगतात. सल्ला योग्य आहे. पण कार्ड असलेल्या मुलीचे लग्न मोडते आणि तोच दोष असलेल्या मुलाचे कार्ड कपाटात राहते, असे होऊ लागले तर ते कार्ड दुखण्यापेक्षा जड होईल. वाहक असणे हा आजार नव्हे, हे मोजणाऱ्यानेच पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

संकट आले की

रोजच्या आरोग्याची ही घडी बसलेली असेल तर मोठ्या संकटातही ती उपयोगी पडते. दोन उदाहरणे सांगतो.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी सीमेवरच्या बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून त्या पाण्यात कालवल्या आणि ते पाणी आजाऱ्यांच्या आई-बापांच्या, भावंडांच्या हाती दिले. पाजत राहा, एवढीच सूचना. जिथे शंभरातले तीसएक मरत होते तिथे ते प्रमाण चारच्याही खाली आले. आज घरोघरी असलेली जलसंजीवनी ती हीच. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नये.

दुसरे किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट होत होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत दगडमातीची, जड माळवदांची घरे झोपलेल्यांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. पुनर्बांधणीच्या काळात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणले. हजाराहून अधिक गावांत या बायका घर कसे बळकट करायचे ते शेजाऱ्यांना समजावत, काम नीट होते का ते पाहत आणि अडलेले कागद पुढे सरकवत. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी आपल्या कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच बायका मराठवाड्यातून कच्छला गेल्या. मराठी बोलणाऱ्या, नऊवारीतल्या शेतकरी बायका भुजच्या बायकांना सांगत होत्या की आमचेही असेच झाले होते, पहिल्या महिन्यात काय करायचे ते ऐका. या गोष्टीचा बडोद्याच्या मराठी माणसाला विशेष अभिमान वाटावा.

आता आपले स्वतःचे संकट. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि मगरींसकट आपल्या शहरातून वाहते. २००५ चा पूर पालकांना आठवत असेल. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीने काळा घोडा पुलाजवळ धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ३५ फुटांच्याही वर गेली. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत पाणी शिरले, वीज नव्हती, प्यायचे पाणी शोधावे लागले. नदी पुलाजवळ किती फूट होती हे दप्तरात आहे. पण कोणत्या गल्लीत पाणी किती इंच होते, खाटेवरच्या आजोबांना गच्चीवर कुणी नेले, मधुमेहाच्या आजीचे इन्सुलिन वीज नसताना कसे टिकवले, हे कुठे लिहिलेले नाही. गडचिरोलीच्या सुईणींनी मणी सरकवले, तसे आपणही काही मोजू शकतो असे आम्हाला वाटते.

म्हणून सहावीपासून पुढच्या सर्व विद्यार्थ्यांना विनंती की त्यांनी घरातल्या व शेजारच्या मोठ्या माणसांना विचारून २००५, २०१९ आणि २०२४ या तीन पुरांची माहिती लिहून आणावी. घर कोणत्या भागात आहे (घराचा क्रमांक नको), पाणी जमिनीपासून किती उंच चढले, किती दिवस राहिले, प्यायचे पाणी कुठून आणले, ओसरल्यावर घरात कोणाला जुलाब किंवा ताप आला का, आणि मदतीला सर्वांत आधी कोण आले. भिंतीवर पाण्याची खूण अजून असेल तर तीच मोजावी. घरात दुःखाचा प्रसंग घडला असेल तर विचारू नये, कुणी आपणहून सांगितले तर ऐकून घ्यावे. कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात लिहून दिवाळीच्या सुटीआधी वर्गशिक्षकांकडे द्यावे. सर्व माहिती आम्ही एका मोठ्या नकाशावर मांडू आणि त्याची एक प्रत खंडेराव मार्केटच्या कार्यालयात नेऊन देऊ. मोजपट्टी नसेल तर वितीने मोजले तरी चालेल, फक्त वीत कोणाची ते लिहावे.